‘निव्वळ कारागिरी’ म्हणणाऱ्यांनी इंजिन उघडू नये

मराठी समीक्षेत एखाद्या कादंबरीला खाली बसवायचे असेल, तर ‘ही कला नव्हे, निव्वळ कारागिरी आहे’ एवढे म्हटले की पुरते. हे वाक्य आम्हीही वर्गात अनेकदा उच्चारले आहे. उत्तरपत्रिकांत आढळल्यावर त्याला गुणही दिले आहेत. गंमत अशी की, हेच वाक्य उच्चारणारा आमचा वर्ग सुटीच्या दिवशी हातांनी काम करण्याचे गोडवे गाऊ लागला आहे. कुणी चाकावर माती चढवतो, कुणी रंधा मारतो, आणि ज्यांची धिटाई अधिक ते घरच्या मोटारीचे इंजिन खोलतात. ‘पुस्तिका वाचता येते, पाने विकत मिळतात, मग अडते कुठे?’ हा त्यांचा सवाल. आमचे म्हणणे असे की, ही श्रमप्रतिष्ठा नव्हे. जुन्याच तुच्छतेने घातलेला हा नवा अंगरखा आहे. आणि हे आम्ही काठावरून बोलत नाही. दोन्ही पंगतींत आम्ही जेवून उठलो आहोत.

आम्ही म्हणजे साहित्य शिकवणारे दोघे, आणि आमच्यात मिळून एक मारुती ८००. सात-नव्याण्णव-सहा घनसेंटिमीटर असे चुकीचे पाठ केलेले, प्रत्यक्षात ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे ते इंजिन. २०११ च्या उन्हाळ्यात गाडी तापू लागली, मागून पांढरा धूर येऊ लागला, आणि ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा दुधी थर दिसला. नेटवरून उतरवलेल्या पुस्तिकेने निदान दिले: हेड गॅस्केट. खालचा बिडाचा ब्लॉक आणि वरचे ॲल्युमिनियमचे हेड यांच्यामध्ये असलेली ही पातळ चकती ज्वलनाचा दाब, ऑइल आणि पाणी यांना आपापल्या वाटेवर ठेवते. ती फुटली की पाणी ऑइलमध्ये जाते. निदान बरोबर होते. आमचा सर्वनाश त्या बरोबर असण्यानेच झाला.

सोसायटीच्या वाहनतळात, एका लोंबत्या बल्बच्या उजेडात, आम्ही हेड उघडले. प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली; पाठचिकित्सेची ती शिस्त पाहून आमचे आम्हीच खूश झालो. मात्र हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करून सैल करायचे असतात आणि बसवताना मध्याकडून कडेकडे आवळायचे असतात, हे वाचूनही आम्ही ते ‘सूचना’ या सदरात टाकले. जुने गॅस्केट खरवडताना पोलादी पातीने ॲल्युमिनियमवर ओरखडा उठला. टॉर्क पाना महाग होता, म्हणून हाताच्या अंदाजाने आवळले. कोणाच्या हाताच्या? ज्या हाताने आयुष्यात खडूपेक्षा जड काही नेमाने धरले नाही, त्या हाताच्या. शेवटून दुसऱ्या बोल्टला पाना एकाएकी हलका फिरला. ब्लॉकमधले आटे गेले होते.

या धिटाईचा धर्मग्रंथ कोणता, ते सांगायला नको. रॉबर्ट पर्सिग यांचे १९७४ चे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ आम्हीही भक्तिभावाने वाचले आहे. पण नावातच ‘मेन्टेनन्स’ आहे, याकडे भक्तांचे लक्ष जात नाही. निवेदक टॅपेट जुळवतो, प्लग पाहतो, चेन ताणतो. त्याच यंत्राशी त्याची जुनी घसट आहे आणि तांत्रिक पुस्तिका लिहिणे हा त्याचा पोटाचा धंदा आहे. बेफिकीर मेकॅनिकांनी त्याच्या गाडीची वाट लावल्याचा प्रसंग आपल्याला फार प्रिय, कारण त्यातून ‘मेकॅनिकपेक्षा आपण बरे’ असा सोयीचा अर्थ काढता येतो. निवेदकाची तक्रार वेगळीच आहे: ती माणसे कामात नव्हती, प्रेक्षक होती. जॉन म्यूर यांच्या १९६९ च्या फोक्सवॅगन-दुरुस्तीच्या पुस्तकाचाही असाच दाखला देतात. पण म्यूर स्वतः अभियंता, आणि त्यांच्यासमोरचे बीटलचे इंजिन हवेने थंड होणारे. त्याला ना रेडिएटर, ना पाणी. गिअरबॉक्सला जोडणारे चार बोल्ट सोडवले की ते खाली उतरवता येई. ते पुस्तक त्या यंत्रासाठी होते.

शेवटी गाडी ओढत मिस्त्रींकडे नेली. त्यांनी हेडला हात लावण्याआधी विचारले, ‘‘सर, रेडिएटरचं पाणी कधीपासून कमी होत होतं?’’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोन महिने आम्ही रोज सकाळी पाणी ओतत होतो आणि त्याला गाडीची सवय समजत होतो. मग त्यांनी बॅटरीची एक वायर जोडून पाहिली. रेडिएटरचा पंखा ठणठणीत होता. त्याला चालू करणारा स्विच मेलेला होता. गॅस्केट फुटणे हा परिणाम होता. नवे गॅस्केट आम्ही अगदी निर्दोष बसवले असते, तरी तेही फुटले असते. त्यानंतर त्यांनी हेडवर सरळ पट्टी उभी धरली आणि मागे बॅटरी पेटवली. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली. ‘‘वाकलंय. फेसिंगला पाठवावं लागेल.’’ म्हणजे जे काम आम्ही घरी करायला निघालो होतो, ते मिस्त्रीसुद्धा एकट्याने करत नाहीत. हेड मशीन शॉपमध्ये जाते.

आर. जी. कॉलिंगवुड यांनी १९३८ मध्ये ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’मध्ये कला आणि कारागिरी यांची जी फाळणी केली, तिच्यावर आमच्या पिढ्या पोसल्या. कारागिराला फलित आधीच ठाऊक असते. कलावंताला ते घडता घडता कळते. एखाद्या गॅरेजात तासभर उभे राहून हे विधान करून पाहावे. मिस्त्रींना फलित ठाऊक नव्हते. त्यांच्यापुढे दुसऱ्याने बनवलेले, तिसऱ्याने वापरलेले आणि आम्ही बिघडवलेले यंत्र होते. खुणांवरून ते मागे मागे जात होते, एकेक शक्यता वायर लावून खोडत होते. मॅथ्यू क्रॉफर्ड या तत्त्वज्ञानाच्या पदवीधराने मोटरसायकली दुरुस्त करता करता लिहिलेल्या २००९ च्या पुस्तकात बनवणारा आणि दुरुस्त करणारा यांतला हाच भेद सांगितला आहे. आम्ही मात्र एक लक्षण पाहिले, त्याला पुस्तकातले नाव दिले आणि लगेच पाना उचलला. समीक्षेतही आम्ही असेच करत असू, ही शंका त्या दिवसापासून आमची पाठ सोडत नाही.

‘म्हणजे सामान्य माणसाने हात काळे करूच नयेत काय?’ असे कुणी विचारील. करावेत. ऑइल बदलावे, प्लग काढून त्यांचा रंग पाहावा, कूलंटची पातळी रोज पाहावी. इंजिनच खोलायचे तर भंगारातले आणून खोलावे, ज्यावर उद्याची नोकरी अवलंबून नाही असे. आणि शेजारी कुणी जाणता बसवावा. या देशात लेखणी धरणारा हात आणि हत्यार धरणारा हात शतकानुशतके जातींत वाटून दिले गेले. दोन रविवारांत ते अंतर पुसल्याचा दावा करणे हा उद्धटपणा आहे. आणि ज्याचे ज्ञान आपण दोन रविवारांत उचलू म्हणतो, त्याला आपण ज्ञानी मानलेलेच नाही.

हेडवरचा ओरखडा फेसिंगमध्ये गेला. गेलेल्या आट्याच्या जागी मिस्त्रींनी भोक वाढवून तारेचा नवा आटा बसवला. बिलात त्याची ओळच नव्हती. विचारले, तर म्हणाले, ‘‘ते राहू द्या सर. आमचाही पहिला आटा असाच गेला होता, फक्त गाडी उस्तादाची होती.’’