खात्री करूनच सांगा

पालमला वादळी पाऊस झाला आणि वीज गेली, की तुम्ही प्रथम काय करता? घरातील मोबाइल हातात घेता आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर विचारता, "तुमच्याकडे वीज आहे का?" यात काही वाईट नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या थांबल्या. मुंबई विद्यापीठाला परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. अशा वेळी मोबाइलवरील खरी बातमी फार उपयोगी पडते.

पण त्याच मोबाइलवर खोटी बातमीही येते. 'अफवा' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ 'तोंडे' असा आहे. या तोंडातून त्या तोंडात जाते, ती अफवा!

कधी कधी अशी अफवा जिवावर बेतते. समजा, रस्त्यावर तार तुटून पडली आहे. "वीज बंद आहे, भिऊ नका," असे कोणी लिहिले आणि ते वाचून एखादा तार उचलायला गेला तर? वीज कोणत्याही क्षणी परत येऊ शकते. म्हणून तारेपासून दूर राहा, इतरांनाही दूर ठेवा आणि मोठ्यांना सांगून महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवा.

माझ्या मते, आलेला निरोप तसाच पुढे पाठवणे म्हणजे मदत नव्हे. स्वतः पाहिले तेवढेच लिहा. ठिकाण आणि वेळही लिहा. शेजारच्या आजीकडे मोबाइल नसेल, तर तिच्या दारापर्यंत जाऊन सांगा.