कोड आपला, पण चावी कुणाकडं?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावातली सहा पोरं-पोरी मिळून एक काम केलं. वाचनालयासाठी अकरा म्हाताऱ्या माणसांचे आवाज रेकॉर्ड केले. कुणी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, कुणी शाळेत पायी जायच्या आठवणी सांगितल्या, तर कुणी लग्नाच्या वरातीत बैलगाडी उलटली ती गोष्ट रंगवून सांगितली. मग गावातून वर्गणी काढून ३२ पानांची पुस्तिका छापली, ५०० प्रती. प्रत्येक माणसाच्या फोटोखाली एक क्यूआर कोड टाकला. स्कॅन करा आणि आवाज ऐका. प्रकाशनाच्या दिवशी सगळ्यांनी फोन काढून ऐकलं. आम्ही खूश!

पंधरा दिवसांनी वाचनालयातल्या तात्यांचा फोन आला. "अगं पोरी, तुमचं ते चौकोन लागेना झालंय बघ. काय तरी इंग्रजीत पैसे मागूलालंय."

मी स्वतः जाऊन स्कॅन करून बघितलं. ओवीच्या जागी एक पान उघडलं. हा कोड बंद करण्यात आला आहे, चालू ठेवायचा असेल तर दर महिन्याला इतके पैसे भरा, असा त्याचा अर्थ. अकराच्या अकरा कोड गेले होते. ज्या वेबसाइटवर आम्ही ते फुकटात बनवले होते, तिथं बारीक अक्षरात 'ट्रायल' लिहिलेलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं. चूक आमचीच, हे आधी कबूल करते.

पण त्या चुकीतून जे समजलं, ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. आज कुठल्याही मंडळाचा फलक, पावती, पत्रक, निमंत्रण कोडाशिवाय निघत नाही, आणि तो कोड बनवायचं काम बहुतेक वेळा आपल्याच वयाच्या पोरांकडं येतं. म्हणून हे लिहिते.

दिसायला सारखे, आतून वेगळे

क्यूआर म्हणजे क्विक रिस्पॉन्स. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला, गाड्यांच्या सुट्ट्या भागांचा हिशेब ठेवायला. कंपनीकडं पेटंट होतं, पण ते हक्क लोकांवर गाजवायचे नाहीत असं तिनं ठरवलं. २००० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. म्हणजे कोड बनवायला कुणाची परवानगी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

स्टॅटिक कोडात मूळ मजकूरच त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींत भरलेला असतो. लिंक दिली तर लिंक, फोन नंबर दिला तर नंबर. दगडावर कोरल्यासारखं. एकदा छापलं की बदलत नाही, आणि कुणी बंदही करू शकत नाही.

डायनॅमिक कोडात तुमची लिंक नसतेच. त्यात असते कोड बनवून देणाऱ्या कंपनीची एक छोटी लिंक. तुम्ही स्कॅन केलं की फोन आधी त्या कंपनीच्या सर्व्हरकडं जातो, आणि तो सर्व्हर पुढं पाठवतो. थोडक्यात, दारात एक माणूस बसलेला असतो. तो म्हणेल तिकडं तुम्ही जाता. उद्या तो उठून गेला, किंवा 'आधी पैसे टाका' म्हणाला, की दार बंद.

आमच्या पुस्तिकेत तेच झालं. आवाज आमच्याकडं सुरक्षित होते, एक फाइलही हरवली नव्हती. पण ५०० प्रतींतल्या दारांवर दुसऱ्याचा माणूस बसला होता.

डायनॅमिकची बाजू

माझी एक मैत्रीण डिझाइनचं काम करते. तिच्याशी या विषयावर चांगलं वाजलं. तिचं म्हणणं असं, की डायनॅमिकला शिव्या देणं सोपं आहे, पण त्याचे फायदे खरे आहेत. छापल्यावर लिंक चुकलेली कळली तर मागून दुरुस्त करता येते. छोटी लिंक असल्यानं चौकटी कमी लागतात, कोड मोकळा दिसतो, लांबून पटकन लागतो. किती लोकांनी स्कॅन केलं ते कळतं. कार्यक्रमाची जागा ऐनवेळी बदलली तर पाचशे पत्रकं फेकून द्यावी लागत नाहीत.

हे सगळं खरं आहे, मला पटलंही. तिनं आणखी एक मुद्दा काढला तो तर वर्मी लागला. "तुमचा कोड स्टॅटिक असता आणि तुम्ही ड्राइव्हमधला फोल्डर हलवला असता, तर?" तर तोही मेला असता. स्टॅटिक कोड मरत नाही, पण तो ज्या पत्त्याकडं बोट दाखवतो तो पत्ता मरू शकतो. २०१५ मध्ये जर्मनीत हाइन्झच्या केचपच्या बाटलीवरचा कोड एका ग्राहकानं स्कॅन केला, तर समोर अश्लील वेबसाइट उघडली. कंपनीची जुनी स्पर्धा संपली होती, वेबसाइटचं नाव पुन्हा नोंदवलं नव्हतं, आणि ते दुसऱ्यानं घेतलं होतं. बाटल्या मात्र दुकानांत होत्याच. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं झालं, तर आपल्या मंडळाचं काय?

तेव्हा 'स्टॅटिक चांगला, डायनॅमिक वाईट' असं मी म्हणणार नाही. मी एकच प्रश्न विचारते: हा कागद किती दिवस जगणार आहे, आणि तोवर दारात कोण बसणार आहे?

पैशाच्या कोडाची गोष्ट निराळी

इथं एक घोळ होतो, म्हणून सांगते. पैसे देतानाही आपण स्टॅटिक-डायनॅमिक म्हणतो, पण अर्थ वेगळा आहे. चहाच्या टपरीवर चिकटवलेला असतो, ज्याला आपल्यात सगळे 'स्कॅनर' म्हणतात, तो स्टॅटिक. त्यात दुकानदाराचा यूपीआय आयडी आणि नाव असतं, रक्कम आपण टाकतो. काही दुकानांत मशीनच्या पडद्यावर दर बिलाला नवा कोड येतो, त्यात रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांकही असतो. तो डायनॅमिक. तिथं डायनॅमिकच बरा, कारण रक्कम चुकत नाही आणि हिशेब लागतो.

मंडळाच्या वर्गणीला स्टॅटिक पुरतो, पण दोन गोष्टी बघा. कोड मंडळाच्या बँक खात्याचा असावा, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा नको, मग तो कितीही सज्जन असो. आणि मांडवात चिकटवलेल्या कोडावर कुणी दुसरं स्टिकर तर चिकटवलं नाही ना, हे रोज सकाळी तपासा. देणाऱ्यानंही पिन टाकण्याआधी पडद्यावर आलेलं नाव वाचावं. आणि पैसे मिळवायला कोड स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या मोठ्या माणसांना परत परत सांगा.

मोजणी आणि पाळत

आता माझ्या विषयाकडं येते. मी राज्यशास्त्र शिकते, त्यामुळं खोड म्हणा, पण सत्ता कुणाकडं आहे हे बघितल्याशिवाय राहवत नाही.

डायनॅमिक कोड स्कॅन केला की मधल्या सर्व्हरला कळतं: किती वाजता, कसल्या फोनवरून, साधारण कुठल्या शहरातून. नाव कळत नाही, हे खरं. पण पुढं फॉर्म असेल तर नाव आणि नंबर आपण स्वतःच भरतो. सहलीच्या नोंदणीला हे फारसं लागत नाही. पण सह्यांची मोहीम असेल, एखाद्या मागणीचं निवेदन असेल, तर सही करणाऱ्या पोराला आपली माहिती कुठं जाते हे कळायला हवं. आपल्या भागात कशावर सही केली याला किती अर्थ असतो, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरं म्हणजे, डायनॅमिक कोडाचा मालक छापल्यानंतरही लिंक बदलू शकतो. आज ज्या कोडामागं निवेदन आहे, त्याच कोडामागं उद्या एखाद्या उमेदवाराची जाहिरात येऊ शकते. कागदावर काहीच बदल दिसणार नाही. जी सोय म्हणून सांगितली जाते, तीच विश्वासाच्या कामात धोका होते.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २०२३ मध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. माहिती कशासाठी घेतोय याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळायला हवा, असं कायदा म्हणतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. आपण दुसऱ्यांकडं आपल्या भाषेत कागद मागतो. मग आपल्याच मंडळाच्या फॉर्मवर 'तुमचा नंबर आम्ही या कामासाठी घेतोय, एवढे दिवस ठेवणार' असं मराठीत दोन ओळी लिहायला काय जातं?

मराठी आणि कोड

आमच्या दुसऱ्या खटपटीत ही एक गंमत कळली. सगळ्यात मोठ्या क्यूआर कोडात २,९५३ बाइट मावतात. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना-मात्रा वेगळे धरायचे. म्हणजे मराठीत जेमतेम ९८० चिन्हं. तेवढी भरलीत तर कोड मुंग्यांच्या वारुळासारखा दिसेल आणि स्वस्त छपाईत लागणारच नाही. पण चार-पाच ओळी आरामात बसतात, आणि त्या वाचायला इंटरनेट लागत नाही. ज्या शिवारात रेंज मिळत नाही, तिथल्या विहिरीच्या किंवा देवळाच्या पाटीसाठी हे उत्तम.

लिंकमध्ये मात्र देवनागरी नको. 'बेळगाव' या शब्दात सहा चिन्हं. फोन ती लिंकमध्ये घालताना प्रत्येकाची नऊ अक्षरं करतो, म्हणजे एका शब्दाची ५४. फाइलचं नाव रोमनमध्ये छोटं ठेवा, आतला मजकूर मराठीत ठेवा.

आम्ही काय केलं

अकरा नवे स्टॅटिक कोड बनवले. वाचनालयाच्या नावानं एक छोटं वेबनाव घेतलं, त्याच्यावर प्रत्येक माणसासाठी एक पान केलं, आणि कोड त्या पानांकडं वळवले. उद्या आवाजांच्या फाइली ड्राइव्हवरून दुसरीकडं हलवल्या तरी पान आमच्या हातात आहे, आतली लिंक आम्हीच बदलू. मैत्रिणीचा मुद्दा असा मान्य केला: दारात माणूस हवाच असेल तर तो आपल्या गावचा बसवू. त्या नावाचं वर्षाचं भाडं वाचनालयाच्या जमाखर्चात वर्तमानपत्रांच्या बिलाच्या खालोखाल लिहिलंय, म्हणजे आम्ही पोरं नोकरीला बाहेर गेलो तरी विसर पडणार नाही. आणि कोडाखाली तो पत्ता साध्या अक्षरांतही छापला.

मग ५,५०० स्टिकर. चार संध्याकाळी वाचनालयाच्या बाकड्यांवर बसून आम्ही ती चिकटवली. तात्यांनी चहा पाजला आणि टोमणेही मारले.

पण सगळ्या प्रती गावात नव्हत्या. शंभरेक पुण्याला, मुंबईला, गोव्याला गेल्या होत्या. त्यांतल्या एका आज्जीचा नातू पुण्यात असतो. संक्रांतीनंतर आज्जी गेली. दिवसकार्याला आला तेव्हा तो मला म्हणाला, "तुझ्या पुस्तकात तिचा आवाज आहे म्हणून त्या रात्री स्कॅन केलं. पैसे भरा म्हणून आलं." मी तिथंच त्याच्या फोनवर फाइल पाठवली. त्यानं अंगणात उभं राहून ऐकली. मला त्याच्याकडं बघवलं नाही.

म्हणून सांगते. एक-दोन आठवड्यांचा फलक असेल, जागा-वेळ बदलायची शक्यता असेल, तर डायनॅमिक वापरा, पण अटी वाचून. जे जपून ठेवायचं आहे, पुस्तक, स्मरणिका, पाटी, शाळेचा फलक, तिथं स्टॅटिक, आणि पत्ता स्वतःचा. बनवल्यावर कोड स्कॅन करा. फोनवर तुमची लिंक दिसते की भलतीच, ते बघा. भलती दिसली तर छापायला देऊ नका. कोडाभोवती चार चौकटींएवढी पांढरी जागा सोडा. दहा फुटांवरून लागायचा असेल तर कोड फूटभर तरी मोठा हवा. छापखान्यात एक प्रत काढून दोन-तीन वेगवेगळ्या फोनांवर बघा, त्यांतला एक जुना असू दे.

त्या शंभर प्रतींतल्या साठेक परत मिळाल्या, त्यांनाही स्टिकर लागले. उरलेल्या अजून शोधतोय. तुमच्या घरी असली तर घेऊन या, स्टिकर वाचनालयातल्या तात्यांच्या टेबलाच्या खणात आहेत.