उसना नाताळ आणि हरवलेला विसावा

घरासमोरचा तारा अजून उतरवलेला नसतो, गोठ्यातील मूर्ती पेटीत गेलेल्या नसतात, तोच आपल्या घराघरांतून हुकूम सुटतो : "झाला नाताळ, आता लागा कामाला!" हा हुकूम आम्हांला मान्य नाही. ख्रिस्तसभेने नाताळ एका दिवसाचा केलेला नाही. पवित्र कुटुंबाचा सण, १ जानेवारीचा देवमातेचा सोहळा, प्रभुप्रकटीकरण आणि शेवटी प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण, असा हा काळ सावकाश उतरत जातो. आईबाप आणि लेकरे यांनी एका छपराखाली निवांत बसावे, हेच या दिवसांचे मागणे आहे. मग आपल्याला बसवत का नाही?

आमचे उत्तर कडू आहे. आपण नाताळ उसना आणतो, म्हणून आपल्याला बसवत नाही. शेजाऱ्याच्या रोषणाईवर आपली मात व्हावी, पाहुण्यांनी ताटाची वाखाणणी करावी, यासाठी पतपेढीचे कर्ज निघते, दुकानात उधारी होते. जानेवारी उजाडला की हप्ता उंबऱ्यावर उभा! मग जादा पाळी आली, रविवारचे कामही आले. सण चार दिवसांचा आणि त्याची वेठ चार महिन्यांची.

कर्ज माणसाचा विसावा कसा गिळते, हे बारामती तालुक्यातील सुप्याने फार पूर्वी पाहिले आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, याच गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांचा राग होता तो कर्जरोख्यांवर आणि खातेवह्यांवर. ती कागदपत्रे त्यांनी जाळली. तो वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला व सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. त्या दंग्यातील हिंसेची भलावण आम्ही करीत नाही. पण ज्या रोख्यांनी त्या शेतकऱ्यांची झोप उडवली ते निदान दुष्काळ आणि सारा यांच्या जाचातून जन्मले होते. आपले रोखे मात्र आपल्या हौसेने लिहिलेले असतात.

आणि ज्यांच्यावर ते आजही लादले जातात, ती माणसे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. नाताळ ऐन गळीत हंगामात येतो. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर या कारखान्यांच्या पट्ट्यात बीडकडून आलेली जोडपी पहाटेच्या थंडीत फडात उतरलेली असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना ना रविवार, ना सण. आजारपणात एक दिवस फड चुकला, तरी खाडा धरला जातो. दहा आज्ञा सांगताना अनुवादाच्या पुस्तकाने शब्बाथाचे कारण दिले आहे : तुम्ही मिसरात गुलाम होता, याची आठवण ठेवा, म्हणून तुमच्या दासदासींना आणि बैलांनाही विसावा द्या. विसावा हा धनिकांचा षोक नव्हे, तो मुक्त माणसाचा हक्क आहे, हाच त्याचा अर्थ.

हा हक्क आपल्या महाराष्ट्रातही कोणी फुकट दिलेला नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि चिकाटीने लढून १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगारांच्या रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला. ही विश्रांती म्हणजे नुसता आळस नव्हे आणि पैसा उधळण्याची संधी तर नव्हेच, असेही बजावले. ज्या रविवारासाठी कामगारांनी इतकी वर्षे झुंज दिली, तो आपण रोषणाईच्या माळेपायी विकावा काय?

"गरिबाला विसावा परवडत नाही," असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, गरिबाला उसना सण परवडत नाही. विसाव्याला पैसे पडत नाहीत.

पण येथे पुरुषमंडळींनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. नाताळनंतर आपण घरी पाय पसरून बसतो, त्या वेळी चूल कोण सांभाळते? आठ दिवस करंज्या, अनारसे आणि पाहुण्यांची पंगत यांत जी राबली, तिनेच पुन्हा चहाचे पेले विसळायचे? एका माणसाच्या पाठीवर टेकून घेतलेला विसावा हा विसावा नव्हे. नाझरेथच्या घरात योसेफ कष्टकरी होता, हे आपण दरवर्षी मूर्तीसमोर गुडघे टेकून आठवतो आणि स्वयंपाकघराच्या दारात विसरतो.

म्हणून पुढील नाताळसाठी आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. सणासाठी एक रुपयाही कर्ज काढू नये. नाताळपासून प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत निदान एक दिवस घरातील बाईने चुलीकडे पाहू नये. आणि आपल्यापैकी ज्यांच्या शेतात ऊस तुटत असेल, त्यांनी त्या काळात तोडकऱ्यांना एक दिवस खाडा न धरता पदरमोड करून सुट्टी मिळवून द्यावी. ज्याच्या जन्माचा सण आपण करतो, त्याला निजायला परक्याची गव्हाण मिळाली होती. आपल्या बांधावरच्या पाचटाच्या कोपीत त्या दिवशी कोणी निवांत निजले, तरच आपल्या घरचा विसावा खरा.