पुढच्यास ठेच, मागचा अजाण

मुंबई, ठाणे आणि पुणे या शहरांतील जुन्या सहकारी इमारती आज एकामागून एक पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी नव्या उभारण्याचे करार होत आहेत. मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी म्हणजे त्याचे राहते घर. त्या घराचे भवितव्य ज्या जाडजूड कराराने ठरते, तसाच एखादा करार शेजारच्या संस्थेच्या कपाटात पडून असतो. पण तो पाहावयास मिळत नाही. सहकाराच्या नावाने चालणाऱ्या संस्थांत या एका बाबतीत सहकाराचा लवलेशही नसावा, ही गोष्ट आम्हांस शोचनीय वाटते.

वस्तुतः नमुन्याचे महत्त्व या चळवळीस नवे नाही. गावदेवी येथे सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली नोंदली गेली. पुढे १९२५ चा मुंबईचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा आला. २०१९ साली त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. सहकार खात्याने तयार केलेले आदर्श उपविधी आज बहुतेक संस्था स्वीकारतात. भाग हस्तांतर, नामनिर्देशन, वार्षिक सभा, वाहने उभी करण्याची जागा, इतकेच काय, गळतीचा खर्च कोणी सोसावा हेदेखील त्यांत सापडते. एखादा शिक्षक अथवा बँकेतील कर्मचारी फावल्या वेळात संस्थेचे चिटणीसपद सांभाळू शकतो, तो या पुस्तिकेच्या आधारावरच.

परंतु पुनर्विकासाचा प्रश्न आला की हा आधार अपुरा पडतो. कायद्याच्या कलम ७९ (अ) अन्वये ४ जुलै २०१९ रोजी शासनाने निर्देश दिले. विकासकाने प्रकल्पखर्चाच्या वीस टक्के रकमेची बँक हमी द्यावी, असे त्यांत आहे. तथापि निर्देश असणे निराळे आणि ती हमी केव्हा वटवावयाची हे करारात बिनचूक उतरणे निराळे. काम रखडल्यास भाडे कोणी व किती काळ द्यावयाचे, चटई क्षेत्र कसे मोजावयाचे, विकासक मध्येच बदलल्यास काय, या प्रश्नांची उत्तरे अखेर करारातील शब्दांवर अवलंबून असतात. विकासकाने असे अनेक करार केलेले असतात. संस्था तो एकदाच करते. ही विषमता बुद्धीची नव्हे, कागदपत्रांची आहे.

यावर गुप्ततेचा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ आहे. स्थावर मिळकतीचे नोंदलेले दस्तऐवज १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार शुल्क भरून कोणासही पाहता येतात, त्यांची नक्कलही मिळते. मग लपविणे उरते ते केवळ शेजाऱ्यापासून! सभासदांची नावे व बँक खाती मात्र अवश्य झाकावीत.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. एका संस्थेची जमीन मालकीची, दुसरीची भाडेपट्ट्यावरील. तिसरीच्या नावे अद्याप अभिहस्तांतरणच नाही. अशा स्थितीत आंधळी नक्कल घातक ठरेल, हे आम्हांस मान्य आहे. नमुना हा वकिलाला पर्याय नव्हे. पण ज्याने पाच करार वाचले आहेत, त्याला आपल्या वकिलास काय विचारावयाचे ते कळते. म्हणूनच नुसता करार देऊन भागणार नाही. कोणते कलम उपयोगी पडले आणि कोणते ऐन वेळी लंगडे ठरले, याचे टिपणही त्यास जोडले पाहिजे.

हे काम गृहनिर्माण संस्थांच्या जिल्हा संघांनी अंगावर घ्यावे, अशी आमची सूचना आहे. निविदा, विशेष सभेचे इतिवृत्त, वास्तुशास्त्रज्ञाचे नेमणूकपत्र, विकासकरार आणि पर्यायी निवासाचा करार एवढा संच प्रत्येक पुनर्विकसित संस्थेने सर्वसाधारण सभेच्या ठरावाने संघाकडे सोपवावा, व तो कोणत्याही संस्थेच्या सभासदास पाहण्यास खुला असावा. त्यास नवा कायदा नको, शासनाचे अनुदानही नको. पुढच्यास ठेच लागून मागचा शहाणा व्हावयाचा, तर ठेच कोठे लागली हे पुढच्याने सांगितले पाहिजे. ज्यांना नवे घर मिळाले, त्यांच्यावर जुन्या घरात वाट पाहणाऱ्यांचे एवढे ऋण खासच आहे.