भित्रा वाघ्या आणि आमची विहीर

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, तशी आमची गत. नाव वाघ्या, आणि घाबरायचं कुकरच्या शिट्टीला!

ऐन पावसाळ्यात शेजारच्या बांधकामावरून उचलून आणलेलं हे पाच महिन्यांचं गावठी पिल्लू. पहिले चार दिवस साहेब सोफ्याखालून बाहेरच आले नाहीत. शिट्टी, मिक्सर, केरसुणी, छत्री, लिफ्टचं दार, टोपी घातलेला माणूस... शेवटी बायकोने यादी करून फ्रिजवर लावली.

घरी येणाऱ्या प्रत्येकाकडे उपाय मात्र एकच. "जवळ घेऊ नका, आणखी भित्रा होईल. गर्दीत न्या, आपोआप सवय होते." आत्या, वरच्या मजल्यावरचे काका, अण्णा, सगळ्यांचं एकमत. आमच्याकडे गणपतीची आरती कोणती आधी म्हणायची यावरसुद्धा एवढं एकमत होत नाही :-)

मी ऐकलं. एका रविवारी संध्याकाळी त्याला भाजीबाजारात नेलं. शेपूट पायात घालून तो थोडा चालला, मग खाली बसला. मी ओढला. तेवढ्यात मागून टेम्पोचा हॉर्न वाजला, त्याने मान मागे घेतली, पट्ट्यातून डोकं काढलं आणि पळाला. मी रिकामा पट्टा हातात धरून उभा!

रात्री दोन वाजता तो एका ट्रकखाली सापडला. मी चिखलात पालथा पडून हाका मारत होतो आणि तो आणखी आत सरकत होता. म्हणजे त्याच्या यादीत आता माझंही नाव आलं होतं. ते मला फार लागलं.

त्यानंतर थोडं वाचलं, डॉक्टरांशी बोललो. आधी त्यांनी त्याला कुठे दुखत तर नाही ना ते तपासलं, कारण दुखण्यानेही कुत्री बुजरी होतात. मग कळलं ते असं. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर अनेक वर्षं काम करून १९६५ साली पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते जगाची ओळख करून घेण्याचा पिल्लाचा खरा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा. त्या वयात न भेटलेली गोष्ट पुढे परकी वाटू शकते. आमच्या वाघ्याचा तो काळ सिमेंटच्या गोण्यांमागे गेला होता. तरीही नंतर काहीच होत नाही असं नाही, फक्त वेळ जास्त लागतो.

दुसरी गोष्ट तर माणसाच्या पोराची आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो आवडीचं खात असताना ससा आधी लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पोरगं सशाशी खेळायला लागलं. झालं, एवढंच तंत्र!

आम्ही तेच केलं. शिट्टी मोबाईलवर रेकॉर्ड केली. अगदी बारीक आवाजात वाजवायची आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. आधी आवाज, मग खाऊ, हा क्रम चुकवायचा नाही. त्याने खाल्लं नाही, ओठ चाटले, उगाच जांभया दिल्या, तर आवाज जास्त झाला असं समजून एक पायरी मागे. मिटलेली छत्री हॉलमध्ये टाकून तिच्याभोवती भाकरीचे तुकडे ठेवायचे आणि आपण पेपर वाचत बसायचं. लिफ्ट महिनाभर बंद, तीन मजले जिन्याने. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. आणि तो घाबरून जवळ आला तर जवळ घ्यायचा, बिनदिक्कत. भीती म्हणजे खोडी नव्हे, की लाड केल्याने चढेल. भेदरलेल्याला आधार दिला म्हणून तो जास्त भेदरत नाही. त्याने पळायची वाट मागितली आणि आपण ती अडवली, की मात्र नक्की भेदरतो.

आता मुद्द्याचं. अण्णांचं म्हणणं, "आपल्या घरात सगळे विहिरीत ढकलूनच पोहायला शिकले." खरं आहे. पाठीला डबा बांधायचा आणि द्यायचा ढकलून. माझा चुलतभाऊ एका दुपारीत शिकला, त्याची गोष्ट दर मे महिन्यात सांगितली जाते. त्याच दुपारी मलाही ढकललं होतं. मी आठ वर्षांचा होतो. मी शिकलो नाही. आज चव्वेचाळिसाव्या वर्षीही शॉवरखाली तोंडावर पाणी आलं की माझा श्वास अडकतो. माझी गोष्ट कोणी सांगत नाही, कारण मी ती आजवर सांगितलीच नाही. ढकलून जे तरले ते आपण मोजतो. जे काठाशीच फिरकले नाहीत, त्यांना भित्रे म्हणून सोडून देतो.

म्हणून माझं मत एवढंच, की भित्र्या जिवाला धीट करायला निघू नये. त्याच्या भीतीपासून पुरेसं लांब उभं राहावं आणि पुढचं पाऊल त्याला टाकू द्यावं. वेळ लागतो. आमचे सात महिने गेले. वाघ्या आजही फटाक्यांना घाबरतो, तेव्हा त्याच्यासोबत आतल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा मोठा करून बसावं लागतं. पण परवा कुकरची शिट्टी झाली आणि तो पळत स्वयंपाकघरात आला, अंडं मागायला!

मागच्या महिन्यात अण्णा आले होते, टोपीसकट. पहिल्या दिवशी वाघ्या सोफ्याखाली. अण्णा काही बोलले नाहीत. टोपी काढून शेजारी ठेवली, त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले आणि भाकरीचा तुकडा मागे धरला. तिसऱ्या दिवशी त्याने तो हातातून घेतला. अण्णांचे गुडघे दुखतात, तरी तीन दिवस ते तसेच बसत होते.

अण्णा, तुम्ही हे वाचता ते मला ठाऊक आहे. राग मानू नका. पुढच्या खेपेला आलात की विहिरीबद्दल बोलू या.