त्याने सोडू नये, त्याला काढावं

आमच्या घरात एका विषयावर दर चार-पाच वर्षांनी ताटावरून उठण्याइतकं भांडण होतं. विषय ठरलेला, "त्याने आता निवृत्त व्हायला हवं की नको?" त्यातला 'तो' तेवढा बदलतो. गावस्कर झाला, कपिल झाला, सचिनच्या वेळी तर हे भांडण जवळजवळ तीन वर्षं पुरलं. मग रोहित शर्मा. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीची कसोटी चालू होती तेव्हा नंदुरबारात मिरचीचा हंगाम भरात होता. पथारीवर नजर जाईल तिथवर लाल मिरची पसरलेली, आणि आमचे चुलतबंधू मोबाईल हातात धरून ओरडत होते, "आते कसाले खेळस तो?" (अहिराणी न येणाऱ्या पुण्याच्या नातेवाइकांसाठी: आता कशाला खेळतो तो?) गंमत म्हणजे त्या कसोटीत रोहित खेळतच नव्हता! आधीच्या तीन कसोट्यांत पाच डावांत मिळून ३१ धावा झाल्या होत्या, म्हणून कर्णधार असून तो स्वतःच बाहेर बसला होता. पण आमच्या बंधूंचा राग एवढा जुना आणि पक्का, की माणूस मैदानात आहे की नाही हे बघायचीही त्यांना गरज वाटली नाही.

या भांडणात माझी बाजू कुणालाच आवडत नाही. "त्याने जावं" म्हणणाऱ्यांना मी त्याचा भक्त वाटतो आणि भक्तांना मी घरभेदी वाटतो. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

विजय मर्चंट यांच्या नावावर एक वाक्य सांगितलं जातं. लोक 'का गेला?' असं विचारतात तेव्हाच जावं, 'का जात नाही?' असं विचारेपर्यंत थांबू नये. प्रत्येक थोर माणसाच्या निवृत्तीच्या वेळी वर्तमानपत्रं हे वाक्य धुऊन-पुसून बाहेर काढतात. वाक्य सुंदरच आहे. पण माझ्या मते या एका वाक्याने आपल्या क्रिकेटचं बरंच नुकसान केलं. कारण त्यामुळे निवृत्ती हा खेळाडूच्या सद्गुणांचा प्रश्न होऊन बसला. वेळेवर गेला तर मोठ्या मनाचा, नाही गेला तर हावरट. आणि ज्यांचं काम संघ निवडणं हे आहे, ते मात्र खुर्चीत बसून 'तो स्वतः ठरवेल' म्हणायला मोकळे.

आता गावस्करचं उदाहरण कुणीतरी देणारच, म्हणून आधीच देतो. मार्च १९८७, बंगळूर, पाकिस्तानविरुद्ध. चेंडू हातभर वळतोय आणि शेवटच्या डावात हा माणूस ९६ काढतो. भारत १६ धावांनी हरला, पण ती खेळी बघितलेले लोक अजून तिच्याबद्दल हळू आवाजात बोलतात. ती त्याची शेवटची कसोटी. 'का गेला?' या प्रश्नाचं याहून नेमकं उदाहरण सापडणार नाही. पण अशी माणसं किती? ज्या हट्टाने माणूस विजेता होतो, तोच हट्ट त्याला सांगत असतो की अजून एक डाव, अजून एक दौरा. पंचवीस वर्षं स्वतःवरच्या विश्वासावर जगलेल्या माणसाला एका सकाळी तोच विश्वास गुंडाळून ठेव म्हणून सांगायचं, आणि त्याला जमलं नाही तर वर नावं ठेवायची, हे मला बरं वाटत नाही.

आमचा एक मावसभाऊ अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात असतो. तिकडे गेल्यावर त्याला मोटारींच्या शर्यतींचं वेड लागलं. फॉर्म्युला वनच्या विमानासारख्या गाड्या नव्हेत, तर स्टॉक कार. दिसायला रस्त्यावरच्या साध्या मोटारीसारख्या, आतून मात्र राक्षस, आणि बहुतेक वेळा अंडाकृती वाटेवर तास न् तास गरगर फिरणाऱ्या. (आमच्या आईने एकदा त्याने पाठवलेली फीत बघून विचारलं होतं, "यांना जायचं कुठे आहे?") त्या खेळाचा राजा म्हणजे रिचर्ड पेटी. सात वेळा विजेता, २०० शर्यती जिंकलेल्या. २०० वी जिंकली ४ जुलै १९८४ ला, खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन बघायला आलेले. तिथेच थांबला असता तर काय चित्र झालं असतं! तो थांबला नाही. १९९२ पर्यंत, म्हणजे आणखी आठ वर्षं तो गाडी चालवत राहिला आणि त्या आठ वर्षांत एकही शर्यत जिंकला नाही.

मावसभावाला मी विचारलं, लोकांनी शिव्या घातल्या असतील ना? तो म्हणाला, हळहळणारे खूप होते, पण त्याला काढा म्हणायची वेळच कधी आली नाही. का, तर तिथे आधी घड्याळ लावतात. ठरावीक वेळेत फेरी मारलीस तर शर्यतीत, नाही तर घरी. १९८९ मध्ये हा राजा काही शर्यतींत पात्रच ठरला नाही, ५१३ शर्यतींची सलग मालिका तिथे तुटली. कुणी बैठक घेतली नाही, कुणी त्याच्या घरी जाऊन 'पुढे काय विचार आहे?' असं कुजबुजलं नाही. घड्याळाने सांगितलं, आज नाही. पुढच्या शर्यतीला परत ये, परत घड्याळ लावू.

आणि आता याच गोष्टीची दुसरी बाजू. राजा घरी बसतो म्हटल्यावर प्रेक्षक कमी व्हायची भीती. म्हणून पुढे त्यांनी नियमच केला, की माजी विजेता वेळेत बसला नाही तरी त्याच्यासाठी एक जागा राखीव. नव्वदच्या दशकात डॅरेल वॉल्ट्रिप नावाच्या तीन वेळच्या विजेत्याने हा नियम इतक्यांदा वापरला की त्यावर बरीच ओरड झाली. त्याचा शेवटचा विजय १९९२ चा, निवृत्ती २००० ची. मधली वर्षं कशी गेली असतील ते समजून घ्या. मला यात त्यांचा प्रामाणिकपणा आवडला. त्यांनी राखीव जागा निदान नियमात लिहून ठेवली. आपण लिहीत नाही, नुसती देतो.

शर्यतीत चाळीसेक गाड्या उतरतात हेही लक्षात घ्यायला हवं. १५ नोव्हेंबर १९९२ ला अटलांटाजवळ पेटी शेवटची शर्यत धावला, त्याच शर्यतीत जेफ गॉर्डन नावाचा २१ वर्षांचा पोरगा पहिल्यांदा धावला आणि पुढे चार वेळा विजेता झाला. एकाने उठायची वाट दुसऱ्याला बघावी लागली नाही. क्रिकेटमध्ये जागा अकरा. तिथे हे गणित फार क्रूर होतं.

कपिलचंच घ्या. कपिल माझं दैवत, आजही. पण ४३१ बळींचा हॅडलीचा विक्रम मोडायचा होता, आणि आपण सगळे देश म्हणून त्या आकड्याकडे डोळे लावून बसलो होतो. ८ फेब्रुवारी १९९४ ला अहमदाबादला तो मोडला. आमच्या आळीत पेढे वाटले. त्या पेढ्यांच्या गडबडीत जवागल श्रीनाथची आठवण कुणाला झाली नाही. हा मुलगा नोव्हेंबर १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिली कसोटी खेळला होता, त्या वेळी आपल्याकडचा सगळ्यात वेगवान गोलंदाज. मायदेशात पहिली कसोटी खेळायला त्याला १९९४ चा नोव्हेंबर उजाडला, कपिल निवृत्त झाल्यावर! तीन वर्षं. वेगवान गोलंदाजाच्या आयुष्यातली बावीस ते पंचवीस ही वर्षं पाणी नेण्यात गेली, ती त्याला कुणी परत दिली नाहीत. यात कपिलचा दोष मला शून्य दिसतो. त्याला खेळायचं होतं, तो खेळला. दोष निवडणाऱ्यांचा, आणि थोडा पेढे खाणाऱ्यांचा.

सचिनबद्दल लिहिताना हात जरा कापतो, कारण अर्धे वाचक नात्यातले आहेत आणि दिवाळीला भेटणार आहेत :-) तरी लिहितो. जानेवारी २०११ मध्ये केपटाऊनला १४६, ते त्याचं शेवटचं कसोटी शतक. त्यानंतर तो २३ कसोट्या खेळला, शतक एकही नाही. वानखेडेवर एकदा ९४ वर बाद झाला तेव्हा आख्ख्या महाराष्ट्राने कपाळाला हात लावला. मग नोव्हेंबर २०१३, वानखेडे, २०० वी कसोटी, ७४ धावा, ते भाषण, त्याची आई पहिल्यांदाच मैदानात. मीही रडलो, खोटं कशाला बोलू. पण संदीप पाटील यांनी २०१६ मध्ये सांगितलेली गोष्ट मला त्या भाषणाइतकीच लक्षात राहिली आहे. डिसेंबर २०१२ मध्ये निवड समिती सचिनला भेटली आणि पुढचा विचार विचारला. निवृत्तीचा विचार त्याच्या मनात नव्हता. समितीचं मात्र ठरलं होतं. त्याने ते ओळखलं आणि एकदिवसीय सामन्यांतून निवृत्ती जाहीर केली. म्हणजे जे झालं ते काढणंच, फक्त त्यावर निवृत्तीचं वेष्टन गुंडाळलेलं. वेष्टन का लागलं? सचिनला काढलं, हे वाक्य या देशात मोठ्याने म्हणायची कुणाची छाती नव्हती म्हणून.

वयाचं कारण मात्र मला मान्य नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस आधी त्याचे दात बघतो. वय कळतं दातांवरून. पण सौदा दातांवर होत नाही, घोडा चालवून बघतात, तेव्हा होतो. चाळिशीच्या माणसालाही चालवून बघा, एवढंच म्हणणं आहे.

आमचे मोठे काका एसटीत चालक होते. अक्कलकुव्याहून मोलगीला जाणारी गाडी, मधला देवगोईचा घाट, पावसाळ्यात धुकं असं की रस्ता वासावरून ओळखायचा. वयाची ५८ वर्षं भरली त्या दिवशी हार, नारळ आणि संपलं. त्यांचे हात अजून स्थिर होते, नजर चांगली होती. वर्षभर ते चिडलेले असायचे. नवा चालक घाटात गियर बदलताना आवाज करी तो यांना घरी बसून ऐकू येतो असा त्यांचा दावा होता (घर घाटापासून चाळीस किलोमीटर!). पण एक गोष्ट त्यांच्या बाबतीत झाली नाही. 'हा म्हातारा जात का नाही?' असं कुणी कधी म्हटलं नाही. तारीख ठरलेली होती, ती आली. त्यांच्या मोठेपणाची परीक्षा कुणी घेतली नाही. खेळात तारीख ठरवता येत नाही हे खरं, म्हणून तर तिथे ठरवणारी माणसं लागतात.

"अहो पण काढलं तर किती अपमान!" असं आमच्या मावशी म्हणतात. मला हेच कळत नाही. निवृत्ती हे दार आतून लावून घेणं आहे, ते पुन्हा उघडायला माणूस लाजतो. काढलेला माणूस परत येऊ शकतो. सौरव गांगुलीला काढलं तेव्हा कोलकात्यात पुतळे जळले. डिसेंबर २००६ मध्ये तो जोहान्सबर्गला परत आला, पहिल्याच डावात नाबाद ५१, आणि भारताने दक्षिण आफ्रिकेत पहिली कसोटी जिंकली. वर्षभराने पाकिस्तानविरुद्ध २३९. काढल्यामुळे तो लहान झाला का? त्याने तेव्हा रागाने निवृत्ती घेतली असती तर ते २३९ कुठून आले असते?

आणि ते सुंदर वाक्य ज्यांच्या नावावर आहे ते मर्चंट स्वतः १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष होते. पतौडी कर्णधार राहणार की अजित वाडेकर होणार, मतं समसमान पडली. मर्चंटनी पतौडींना 'तुम्हीच ठरवा' असं म्हटलं नाही. स्वतःचं निर्णायक मत वाडेकरला दिलं. त्या वर्षी आपण वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोन्हीकडे जाऊन मालिका जिंकलो. मर्चंटचं वाक्य पाठ करणाऱ्यांनी त्यांचं हे मतही पाठ करायला हवं होतं.

रोहितने ७ मे २०२५ ला कसोटी सोडली. एकदिवसीय सामने सोडले नाहीत. ऑक्टोबरमध्ये निवड समितीने त्याचं कर्णधारपद काढून शुभमन गिलला दिलं, संघात मात्र ठेवलं. गिलच्या हाताखाली तो ऑस्ट्रेलियाला गेला. पर्थला ८, ॲडलेडला ७३, आणि २५ ऑक्टोबरला त्याच सिडनीत, जिथे जानेवारीत तो बाहेर बसला होता, नाबाद १२१.