दोन ‘पॉवर’ एकावर एक चढतात का? ‘डी अँड डी’तला न संपणारा वाद

‘ऊनो’मध्ये +४ वर +४ टाकता येतो का, यावरून कधीच भांडण झालं नाही असं घर विरळाच. २०१९ मध्ये ऊनोच्या अधिकृत ट्विटर खात्याने ‘नाही’ असं सांगितलं, तरी लोक मानायला तयार नव्हते.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’मुळे आपल्याकडे माहीत झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये हाच वाद जास्त चिघळतो. १९७४ पासूनच्या या खेळात प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण ‘डंजन मास्टर’ म्हणजे डीएम होतो आणि फाशांवर गोष्ट पुढे सरकते.

समजा, नागापूर एमआयडीसीतले चार मित्र सुट्टीच्या दिवशी खेळायला बसलेत. एकाचं पात्र थोडं बार्बेरियन, थोडं मंक. चिलखताशिवाय बचाव करणं दोघांनाही जमतं. बार्बेरियनचा हिशोब असा: १० अधिक चपळाई अधिक काटकपणा. मंकचा: १० अधिक चपळाई अधिक शहाणपण. चपळाईचे ३ आणि बाकीच्यांचे २-२ धरले, तर दोन्हीकडून १५ येतात. गडी म्हणतो, ‘माझ्याकडे दोन्ही आहेत, १७ धरा!’

शत्रू २० बाजूंच्या फाशात ५ मिळवत असेल, तर १५ वर वार लागण्याची शक्यता ५५ टक्के, १७ वर ४५. महिनोन्महिने जपलेलं पात्र एवढ्यावरून मरू शकतं. आवाज चढणारच.

नियमाचं उत्तर आहे १५. या दोन्ही क्षमता आकडा ‘कसा काढायचा’ ते सांगतात, आणि पद्धत एका वेळी एकच वापरता येते. आहे त्या आकड्यात भर घालणाऱ्या गोष्टींचं तसं नाही. ‘शील्ड ऑफ फेथ’ या मंत्राचे २ आणि ‘शील्ड’ या मंत्राचे ५ दोन्ही मिळतात, कारण नावं वेगळी. १५ चे थेट २२, आणि वार लागण्याची शक्यता २० टक्के! पण दोघांनी एकाच मित्रावर ‘ब्लेस’ टाकला, तर फायदा एकदाच.

म्हणजे बघायचं नाव, काम नाही. हे थोडं विचित्रच आहे. पण २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत बोनसचे प्रकार होते, आणि एकाच प्रकारचे बोनस बहुतेक वेळा जोडता येत नसत. मग खेळाडू वेगवेगळ्या प्रकारांचे बोनस शोधत बसायचे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ही बेरीजच कमी केली. ‘अॅडव्हांटेज’ मिळण्याची कारणं कितीही असोत, फासे दोनच. २०२४ च्या नव्या पुस्तकातही हे कायम आहे.

तरी अडलंच तर? नियमांचे प्रमुख डिझायनर जेरेमी क्रॉफर्ड ट्विटरवर उत्तरं द्यायचे. पण असे ट्विट अधिकृत निर्णय नसून फक्त सल्ला आहेत, असं २०१९ मध्येच स्पष्ट करण्यात आलं. २०२५ मध्ये क्रॉफर्ड यांनी कंपनीही सोडली. जुने स्क्रीनशॉट मात्र अजून तोंडावर फेकले जातात.

शेवटचा शब्द टेबलावरच्या डीएमचाच. फक्त तो फासा पडायच्या आधी यायला हवा, आणि डीएमच्या स्वतःच्या राक्षसांनाही लागू व्हायला हवा. नागापूरच्या टेबलावर १५ ठरले, तर पुढच्या रविवारी येणाऱ्या राक्षसालाही दोन हिशोब जोडता येणार नाहीत.